भोई, जुळारी आणि चॅटची खिडकी: सुट्या भागांचा इतिहास

१/
मुंबईत भोईवाडे दोन: एक भुलेश्वरचा, दुसरा परळचा. परळचा भोईवाडा आज अनेकांना तिथल्या न्यायालयामुळे आणि पोलीस ठाण्यामुळे ठाऊक असतो. नाव मात्र जुन्या कष्टांचे आहे. भोई म्हणजे पालखी वाहणारा. पालखीत कोण बसले आहे, कशासाठी निघाले आहे, हे भोयाने विचारायचे नसते. खांदा द्यायचा आणि मुक्कामी पोचवायचे. आजचा विषय वरवर पाहता या नावापासून फार दूरचा वाटेल. गप्पांचा एक साधा प्रोग्राम, म्हणजे चॅट क्लायंट, तयार सुट्या भागांतून कसा उभा राहतो आणि त्या भागांत मराठी कुठून आली, याचा इतिहास आपण पाहणार आहोत. धागा लांब आहे. सवडीने वाचावा.

२/
आधी शब्द समजून घेऊ. न्यायालयाच्या आवारात 'क्लायंट' म्हणजे अशील. संगणकाच्या जगात मागणी करणारा प्रोग्राम म्हणजे क्लायंट आणि ती पुरी करणारा म्हणजे सर्व्हर. साध्या चॅट क्लायंटची कामे तीनच: आपण लिहिलेले पाठवणे, समोरच्याचे आलेले दाखवणे, आणि या दोन्हींची एकाच वेळी वाट पाहणे. संगणकशास्त्राचा विद्यार्थी असा प्रोग्राम शंभरएक ओळींत लिहू शकतो. शंभर ओळी पुरतात, कारण त्यांच्या खालच्या लाखो ओळी इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या असतात. आपल्याला इतिहास पाहायचा आहे तो त्या खालच्या ओळींचा.

३/
गिरणीत बॉबिन मोडली म्हणून कोणी नवी गिरणी उभारत नाही. तशीच दुसरी बॉबिन लावतात. परळ-लालबागला हे सांगावे लागत नाही. सॉफ्टवेअरच्या जगाला मात्र ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी लागली. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेत डग्लस मॅकइलरॉय यांनी घाऊक प्रमाणात तयार होणाऱ्या सॉफ्टवेअर-घटकांवर निबंध वाचला. प्रत्येक जण प्रत्येक गोष्ट पुन्हा मुळापासून का लिहितो, सुट्या भागांची यादी पाहून हवा तो भाग का घेऊ नये, असा त्यांचा रोख होता. पुढे युनिक्स प्रणालीत एका प्रोग्रामचे उत्पादन थेट दुसऱ्याच्या तोंडी देणारे 'पाइप' १९७३ मध्ये आले, तेही त्यांच्याच आग्रहातून.

४/
मजकूर सुट्या भागांतून उभा करायचा, ही कल्पना मराठीला तेव्हा नवी नव्हती. छपाईचा खिळा हा पुन्हा पुन्हा वापरता येणारा भागच होता. १८०५ मध्ये श्रीरामपूरहून विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे सुधारले. त्याच छापखान्यात शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाप्रेस उभारून १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले आणि पुढे खिळेही पाडले. शिळाप्रेसवर एका पानासाठी केलेले काम त्या पानाबरोबर संपते. खिळे मात्र पान छापून झाले की सुटे करून पुन्हा खणांत जातात. फरक एवढाच, पण त्याने सारे अर्थकारण बदलते.

५/
भुलेश्वरच्या भोईवाड्यापासून काळबादेवीची कोलभाट गल्ली जवळच. तिथल्या निर्णयसागर छापखान्याचे नाव संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जावजी दादाजी (१८३९–१८९२) हेही लहान वयात अमेरिकन मिशन प्रेसमध्ये कामाला लागले होते. त्यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. हा क्रम ध्यानात घ्यावा: आधी भाग, मग ग्रंथ. त्यांच्या खिळ्यांचे सौंदर्य ज्यांच्या हातून उतरले ते राणोजी रावजी आरू. ग्रंथाच्या पहिल्या पानावर छापखान्याचे नाव असते; अक्षर कोरणाऱ्याचे नसते. ही गोष्ट या धाग्यात पुन्हा येणार आहे.

६/
देवनागरीच्या खिळ्यांपुढे रोमनला न पडणारा प्रश्न होता. 'कि', 'कु', 'कें' ही सारी रूपे अखंड ओतावीत, की मूळ अक्षर, वरची मात्रा आणि खालचा उकार वेगळे ओतून जुळवावेत? मुद्रकांच्या बोलीत पहिल्या पद्धतीला 'अखंड' म्हणत, दुसरीला 'डिग्री'. अखंड पद्धतीत सांधे कमी, पण खिळ्यांची संख्या प्रचंड. डिग्री पद्धतीत तुकडे कमी, पण जुळाऱ्याचे काम किचकट, आणि सांधा हलला की मात्रा भलतीकडे. भाग मोठे ठेवावेत की लहान, हा सॉफ्टवेअरमधला आजचा वादही नेमका हाच आहे.

७/
खिळ्यांपासून घ्यायचा धडा असा. एका कारखान्याचा खिळा दुसऱ्याच्या यंत्रावर चालायचा, तर त्याची उंची ठरल्याप्रमाणे असलीच पाहिजे. खिळ्यावर कोणते अक्षर आहे याच्याशी यंत्राला देणेघेणे नसते, उंचीशी असते. या ठरलेल्या मापाला आपण 'सांधा' म्हणू. जुळाऱ्याला अक्षर कोरता येत नसले तरी चालते, कारण सांधा पाळलेला असतो. चॅट क्लायंट लिहिणारा हा आजचा जुळारीच. त्याच्यासमोरच्या खणांत काय काय असते, ते आता एकेक करून पाहू.

८/
पहिला खण वाहतुकीचा. १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी वेगवेगळ्या जाळ्यांना जोडणाऱ्या पद्धतीचा निबंध प्रसिद्ध केला. तिच्यातून घडलेली टीसीपी/आयपी ही नियमावली १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट या अमेरिकी जाळ्यावर लागू झाली. त्याच वर्षी बर्कलेच्या युनिक्समध्ये 'सॉकेट' आले. सॉकेट म्हणजे प्रोग्रामला मिळालेली खुंटी: एका टोकाला बाइट घाला, ते दुसऱ्या टोकाला त्याच क्रमाने निघतात. आत प्रेमपत्र आहे की हिशेब, मराठी आहे की फिनिश, हे वाहणारा पाहत नाही. हाच आपला भोई. त्याच्या या अलिप्ततेमुळेच, ज्या भाषेचा विचार मूळ कर्त्यांनी कधी केला नव्हता तिलाही वाट मोकळी राहिली.

९/
ही पालखी मुंबईत आली ती संशोधन संस्थांच्या दारातून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक-केंद्रातून १९८५ मध्ये एनसीएसटी ही स्वतंत्र संस्था झाली. जुहूला तिचे ठाणे आणि श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात ही संस्था, पाच आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था एकत्र आल्या. १९८७ मध्ये एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेलची देवाणघेवाण होत होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. म्हणजे आठएक वर्षे जुहू-पवईची वाट मोजक्या लोकांपुरतीच होती.

१०/
दुसरा खण बोलण्याच्या शिस्तीचा. भोई पालखी आणून ठेवील. पण कोणी कोणाला, कोणत्या दालनात, काय म्हटले, हे कसे ओळखायचे? १९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो संगणकावर 'टॉकोमॅटिक' हा अनेकांनी एकत्र गप्पा मारण्याचा प्रोग्राम होता. मात्र तो त्या यंत्रणेपुरता. ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी रचले. त्याचा संदेश म्हणजे मजकुराची एक साधी ओळ: आज्ञेचे नाव, कोणाला, अपूर्णविराम, मजकूर, ओळ समाप्त. डोळ्यांनी वाचता येईल इतकी ती सोपी. १९९३ मध्ये हे नियम जाहीर दस्तऐवजात आले, आणि ते वाचून कोणालाही स्वतःचा क्लायंट लिहिता येऊ लागला.

११/
शिस्त जाहीर झाली की तिचे तयार भाग बनतात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या गेम या क्लायंटचे पुढे पिजिन असे नाव झाले. त्यातला संवादाचा भाग 'लिबपर्पल' नावाने वेगळा काढण्यात आला, आणि ॲडियमसारख्या दुसऱ्या क्लायंटनी तोच वापरला: खिडकी वेगळी, गाभा एकच. १९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी जॅबर जाहीर केले आणि त्यातून २००४ मध्ये एक्सएमपीपी हे प्रमाण ठरले. २००९ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲपने आपला सर्व्हर उभारताना ईजॅबरडी हा मुक्त घटकच घेतला आणि मग तो आपल्या गरजेप्रमाणे बदलत नेला. जगातील सर्वांत मोठ्या गप्पांच्या दुकानातही पहिले खिळे उसनेच होते.

१२/
तिसरा खण वाट पाहण्याचा. प्रोग्राम कळफलकाकडे कान देऊन बसला तर समोरून आलेला संदेश अडकतो. जाळ्याकडे कान दिला तर तुमची अक्षरे अडकतात. बर्कलेच्या त्याच १९८३ च्या युनिक्समध्ये 'सिलेक्ट' नावाची सोय होती: या सगळ्या दारांवर नजर ठेव, ज्या दारी कोणी येईल ते मला सांग. क्लायंटच्या पोटात हे चक्र अखंड फिरत असते. दार वाजले की पाहा, काम करा, पुन्हा वाट पाहा. त्यावर खिडकी, मजकुराची चौकट आणि बटण हे तयार भाग बसवले की प्रोग्राम उभा राहतो. इंग्रजीसाठी गोष्ट इथे संपते.

१३/
मराठीसाठी ती इथे सुरू होते. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. १९९० च्या दशकात मराठी मजकूर बहुधा अशा फाँटांत लिहिला जाई, जे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसवत. प्रत्येक फाँटाची बसवण्याची रीत निराळी. तोच फाँट समोरच्याकडे असेल तर मराठी दिसे. नसेल तर निरर्थक रोमन चिन्हांची रास. छापील कागदाला हे चालून जाते, कारण कागद आकृती घेऊन जातो. चॅटला चालत नाही, कारण चॅट फक्त क्रमांक घेऊन जाते. भोयाने पालखी सुखरूप पोचवली, पण आतला माणूस ओळखू येईना. म्हणून लोक रोमन लिपीत मराठी लिहू लागले. ती सवय आजही पुरती गेलेली नाही.

१४/
सांधा ठरवण्याचे काम दुसरीकडे चालू होते. आयआयटी कानपूरला सुरू झालेले भारतीय लिप्यांचे संशोधन 'जिस्ट' या नावाने पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. इस्की ही भारतीय लिप्यांची सांकेतिक पद्धत १९८८ मध्ये मांडली गेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तिच्यात 'कि' हे एक चिन्ह नव्हते: 'क' वेगळा, इकार वेगळा, जोडाक्षरासाठी हलन्त वेगळा. १९९१ मध्येच आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. कोलभाट गल्लीतल्या जुळाऱ्याला ही विभागणी पाहून हसू आले असते. डिग्रीचे तत्त्व जिंकले होते, फक्त शिसे गेले होते.

१५/
युनिकोडचे क्रमांक बाइटमध्ये बसवण्याची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे यूटीएफ-८. केन टॉमसन आणि रॉब पाइक यांनी ती सप्टेंबर १९९२ मध्ये रचली. तिच्यात साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला ३. 'नमस्कार' या शब्दात हलन्त आणि काना धरून ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट. आयआरसीच्या मूळ नियमांप्रमाणे ओळीची मर्यादा ५१२ बाइट, त्यांतले २ ओळ संपवण्यासाठी. उरलेल्या ५१० मध्ये इंग्रजीची ५१० अक्षरे मावतात, मराठीची फार तर १७० चिन्हे. शिवाय आज्ञा आणि पत्ता यांची जागा वजा. एसएमएसचा हिशेबही असाच: इंग्रजीत १६० अक्षरे, देवनागरीत ७०. ही मापे मराठीविरुद्ध आखलेली नव्हती. ती आखताना मराठी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, इतकेच.

१६/
तयार भागाची खरी परीक्षा इथेच होते. टीसीपी बाइटांचा प्रवाह पोचवते. संदेश कुठे संपला हे ती सांगत नाही. तीन बाइटांच्या 'म' मधले दोन एका खेपेत आणि तिसरा पुढच्या खेपेत, असेही होऊ शकते. घाईने लिहिलेला क्लायंट आलेले तुकडे तसेच वाचतो आणि 'म' च्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दाखवतो. ओळ पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि मगच बाइटांची अक्षरे करावीत, हा त्यावरचा उपाय. इंग्रजीत ही चूक वर्षानुवर्षे दिसणार नाही, कारण एका बाइटाचे तुकडे होत नाहीत. मराठीत ती कधी ना कधी उघडी पडते. घटक नीट घडला आहे की नाही, हे पाहायला मराठी ही उत्तम कसोटी आहे.

१७/
क्रमांक आले, आता त्यांचे अक्षर करायचे. साठवताना 'कि' मध्ये 'क' आधी असतो, दाखवताना इकार आधी. 'क्ष', 'ज्ञ', रफार या साऱ्यांची जुळणी ऐन वेळी करावी लागते. म्हणजे जुळारी आता यंत्राच्या आत बसला. विंडोज २००० मध्ये हे काम करणारा घटक आला आणि त्याच्यासोबत 'मंगल' हा देवनागरी फाँट. तो रचणारे रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८), अर्थात र. कृ. जोशी, हे मराठी कवी आणि सुलेखनकार. आयआयटी मुंबईत शिकवल्यानंतर त्यांनी जुहूच्या त्याच एनसीएसटीमध्ये भारतीय लिप्यांवर काम केले. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जुळणीचे हेच काम आज हार्फबझ हा घटक करतो. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड तो वापरतात. राणोजी आरूंचे वारस शोधायचे तर इथे शोधावेत.

१८/
एका अर्ध्या अक्षराची कहाणी पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. 'ऱ्या' मधला हा आडव्या वळणाचा अर्धा र हिंदीत लागत नाही. मराठीचा विचार झाला नसता, तर चॅटच्या खिडकीत प्रत्येक आचाऱ्याचा आचार्य झाला असता. इस्कीला अनुसरून युनिकोडने त्याची सोय केली: खाली नुक्ता असलेला 'ऱ' आणि त्यापुढे हलन्त. शिवाय 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, ही जुनी रीतही मान्य ठेवली. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. शोध घेणाऱ्या प्रोग्रामला हे शिकवले नसेल, तर एक शोधल्यावर दुसरा सापडत नाही.

१९/
आणखी एक अक्षर: 'ॲ'. मराठी छपाईत ते कधीपासून रुळलेले. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी 'अ' वर चंद्र ओढूनताणून बसवावा लागे, आणि तो कुठे नीट बसे, कुठे निसटे. व्हॉट्सॲप २००९ चे. म्हणजे 'व्हॉट्सॲप' हा शब्द मराठीत धडपणे लिहिता येण्याची सोय त्या ॲपच्या केवळ एक वर्ष आधी झाली.

२०/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने यात का पडावे? कारण आजची पत्रे म्हणजे हे संदेश. उद्या कोणी आपल्या काळाचा इतिहास लिहील, तेव्हा त्याच्यापुढे मोडी रुमाल नसतील. असे मजकूर असतील. मोडीचे काय झाले ते आपण जाणतो: दफ्तरे भरून कागद आणि वाचणारे मोजके. त्या मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळायला २०१४ साल उजाडले. जुन्या फाँटांत अडकलेला १९९० च्या दशकातला मराठी मजकूर ही दुसरी मोडीच आहे. 'ऱ्या' च्या दोन रीती हे उद्याचे पाठभेद आहेत. ज्या खाजगी चॅटची शिस्त जाहीर नाही, तिथला संवाद तर कंपनीच्या मर्जीवर टिकणार. आयआरसीचा नियम आजही कोणी वाचून पाहू शकतो. प्रश्न सोयीचा वाटला, तरी मुळात तो साधनांचा आहे.

२१/
सुटे भाग वापरणे हा आळस नव्हे. ती परंपरा आहे. जावजींच्या कारखान्यातले खिळे दुसऱ्या छापखान्यांनी घेतले, म्हणूनच मराठी ग्रंथ वाढले. पण भाग उसना घेताना त्याचा सांधा कोणी, कधी, कोणत्या भाषेकडे पाहून ठरवला, हे विचारावे. जिथे मराठी माणूस त्या टेबलापाशी होता, तिथे 'ऱ्या' वाचला. जिथे नव्हता, तिथे आपल्याला ७० अक्षरे मिळाली. मानकांचे मसुदे आजही बनत आहेत, मुक्त घटकांत दुरुस्त्या आजही स्वीकारल्या जातात, आणि त्यासाठी मोठ्या संस्थेत असावे लागत नाही. भाषा आणि लिपीचा इतिहास जाणणाऱ्यांनी तिथे बोलावे.

२२/
एक साधा प्रयोग सुचवतो. कोणताही मुक्त चॅट क्लायंट घ्या आणि त्यातून एकच ओळ पाठवा: 'आचाऱ्यांनी आचार्यांना दऱ्यांतून दर्याकाठी नेले.' समोर ती जशीच्या तशी उमटली, तर समजा की सर्फ-कान यांच्यापासून र. कृ. जोशींपर्यंत साऱ्यांनी आपापला खांदा दिला. एखादे अक्षर निसटले, तर कोणत्या भोयाचा पाय चुकला तो शोधा: बाइटांचा, क्रमांकांचा, जुळणीचा की फाँटाचा. सापडले तर खाली लिहा. आपल्या घरात किंवा ओळखीत कोणी खिळे जुळवण्याचे काम केले असेल, तर त्यांच्या तोंडचे शब्दही नोंदवा: खण, खिळे, अखंड, डिग्री. या शब्दांचे कोश अजून पुरे झालेले नाहीत, आणि ते वापरणारी पिढी आता वयस्कर झाली आहे.